किल्ला बंद, विहिरी चालू

माझ्या लहानपणी आमच्या घरात येणारं नाणं ओलं असायचं. मालवणच्या धक्क्यावरून बाबा पाहुण्यांना होडीत बसवून समुद्रातल्या किल्ल्यावर नेत. वाटेत, जिथे पाण्याखाली खडप, म्हणजे खडकांचा पसारा, सुरू होतं, तिथे ते वल्हं थांबवत. मग माझा भिकूकाका होडीच्या कडेवर उभा राहून, खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या पुस्तकी मराठीत म्हणे, "मंडळी, समुद्राला काहीतरी द्या. तो ठेवून घेणार नाही, मी परत आणतो." कुणीतरी आणा टाके. नाणं पानासारखं डुलत, चमकत खाली जाई. काका मनात तीनपर्यंत मोजे आणि मग असा सरळ आत जाई की पाण्यावर शिंतोडासुद्धा उडत नसे. होडीतल्या बायका "अगं बाई" म्हणेपर्यंत तो दातांत नाणं धरून दुसऱ्या बाजूने वर आलेला असे. दर दहा नाण्यांतलं एक तो मुद्दाम सोडून देई. "एक दर्याचा," तो आम्हाला सांगे, "नायतर तो आपणाकच ठेवन घेतलो."

आमचा हा धंदा होता: होडी, बुडी आणि काचेचा डबा. डबा ही काकाची कल्पना. रॉकेलच्या डब्याचा तळ कापून त्याने तिथे काच बसवली होती आणि कडा डांबराने बुजवल्या होत्या. डबा पाण्यावर टेकवून आत डोकं घातलं की खडपातले मासे, हलणारं शेवाळ, खेकड्यांची धावपळ सगळं आरशासारखं स्वच्छ दिसे. घाटावरून आलेली शाळकरी मुलं त्या डब्यासाठी भांडत. एक म्हातारे गृहस्थ तर डब्यात तोंड घालून इतका वेळ राहिले की त्यांच्या मंडळींना वाटलं, झोप लागली. आता समुद्राच्या तळाची चित्रं घरबसल्या दिसतात. माझी नात दाखवते, मी बघते आणि छान आहे म्हणते. पण त्या चित्रांना डांबराचा वास नाही.

मीही बुडी मारत असे. चालायला आणि बुडायला साधारण एकाच वर्षी शिकले असेन. बारा वर्षांची झाले तेव्हा आईने ते बंद केलं. "पेठेतली लोकां बघतत," हे कारण ती सांगायची. खरं कारण शाळा होतं. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं आणि मी चढत चढत अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला पोचले होते. आईला अक्षर येत नव्हतं. मी अभ्यास केला की नाही हे ती वहीच्या पानामागून बोट फिरवून बघे. टाकाचे उंचवटे बोटाला लागले की म्हणे, "आज बरां लिवलंस." एकदा मी कंटाळून पानभर नुसत्या रेघा ओढल्या. तिने बोट फिरवलं, थांबली आणि म्हणाली, "ह्या काय, शेवये घातलंस?" त्यानंतर मी तिला कधी फसवलं नाही.

घर झावळ्यांच्या छपराचं, समुद्रापासून इतकं जवळ की भरतीची वेळ आम्ही कानाने ओळखत असू. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. दुपारी मिळालं तर तिरफळ घातलेलं तिखलं, म्हणजे माशाचं कालवण, नाहीतर कुळथाची पिठी. काका जेवताना बोले आणि बाबा जेवताना ऐकत, असं कामाचं वाटप होतं. बाबा दिवसाला वीसेक शब्द वापरत असतील, त्यातले बरेचसे होडीशी.

दरवर्षी पावसाळ्यात किल्ल्याची वाहतूक बंद राही आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की सुरू होई. त्या वर्षी नारळ दिला, पण वाहतूक सुरू झाली नाही. किल्ल्याच्या दारासमोरची उतरायची पायरी पावसाळ्यात मोडली होती. धक्क्यावर एक कागद चिकटवला गेला आणि तो वाचायला आमच्या वाडीतून मला नेण्यात आलं. मी शाळेतल्यासारखी ताठ उभी राहून मोठ्याने वाचलं, "मोडलेल्या पायरीची प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत पाहुण्यांची ने-आण बंद ठेवण्यात येत आहे." किल्ल्यात राहणाऱ्या घरांचं सामान नेता येईल, पाहुणा मात्र नाही.

"पाहणी कोण करतलो?" काकाने विचारलं.

"खाली बंदराच्या साहेबांची सही आहे," मी म्हणाले.

"मगे करूंदेत. पायरी काय मुंबयत आसा? ही हयसर, वल्ह्याच्या पल्ल्यार."

हे साहेब नवीन होते, सोलापूरकडचे. उंच, किडकिडीत आणि वागायला अगदी सभ्य. ते रोज म्हणत, उद्या जाऊ. कधी वारा असे, कधी ओहोटी, कधी त्यांना पडसं. गणपती आले आणि गेले, दसरा झाला. साहेब टेकडीवरच्या आपल्या बंगल्याच्या आवारातून सरकारी दुर्बीण लावून संध्याकाळी समुद्र बघत. कुणी पाहुण्याला चोरून नेत नाही ना, एवढंच बघत. आमची होडी वाळूवर पालथी पडली होती आणि आईने तिच्यावर सुकत घालायला मासळी आणायची कुठून, हा प्रश्न होता. किनाऱ्यावरचे बाकीचे होडीवाले मासेमारीला लागले. आमच्याकडे जाळं नव्हतं. आमच्याकडे होता एक काचेचा डबा आणि काकाचा दम.

तो दम काकाला गप्प बसू देईना. एका सकाळी पेज पिता पिता तो म्हणाला, "किल्लो बंद झालो म्हणान पाणी बंद झाला नाय. कट्ट्यापासून कसालपर्यंत घरागणिक बावडी आसा. आणि एकय बावडी नसतली, जिच्यात कोणाची कळशी पडाक नाय."

बावडी म्हणजे विहीर. बाबांनी वाडग्यातून डोकं वर केलं. "कळशी काढून घर चलता?"

"चलता काय, धावता."

दिवाळीची सुट्टी होती. मी काकाबरोबर निघाले. कुठल्या घरी कुठल्या विहिरीत काय पडलंय हे लिहून घ्यायला कुणीतरी शिकलेलं हवं, असं काकाने आईला पटवलं. कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांबते तिथे, काका दगडावर उभा राहिला आणि धक्क्यावर पाहुण्यांना हाकारावं तसं त्याने हाकारलं, "पडला, बुडला, हरावला, काढून देताव. गळाक गावना नाय तां आमका गावता." प्रत्येक गावात विहिरीतलं भांडं काढायचा लोखंडी गळ असतोच. काका त्या गळाची अशी टिंगल करी की जणू तो त्याचा नापास झालेला भाऊ असावा. पहिल्याच दिवशी आम्हाला पाच घरांनी बोलावलं.

किती हसलो आम्ही त्या पंधरा दिवसांत. कळश्या निघाल्या, पोहरे निघाले, एक उखळाचं मुसळ निघालं, ते विहिरीत कसं गेलं हे त्या घरातल्या कुणीच सांगेना. कसालला एका घरी काकाने हिरवट झालेला पितळी तांब्या वर आणला, तर ओसरीवरच्या दोन जावा त्याच्याकडे बघून पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. सात वर्षं मोठी धाकटीला म्हणत होती, तांब्या तू माहेरी पोचवलास, आणि धाकटी मोठीला. आता दोघी खऱ्या ठरल्या, दोघी खोट्या ठरल्या.

"आता काय करूचा?" धाकटी म्हणाली.

मोठी काकाला म्हणाली, "टाक तो परत. ह्या घरात बोलूक दुसरो विषय नाय."

कट्ट्याजवळ एक विहीर इतकी अरुंद होती की काकाचे खांदे आत जाईनात. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आई मालवणात होती. मी परकराच्या आतून काकाची जादा खाकी चड्डी चढवली, परकर सोडला आणि दोराला धरून उतरले. चार वर्षांनी मी पाण्याखाली गेले होते आणि ते पाणी गोडं होतं. खारं पाणी माणसाला उचलून धरतं. गोडं पाणी धरत नाही, बोलावत राहतं. आत जांभ्या दगडाच्या भिंतीला नेचे लटकलेले, वर आकाशाचा ताटाएवढा तुकडा आणि त्या ताटात काकाचं डोकं. कळशीच्या गळ्याला हात लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पाण्यातच हसले आणि वर येऊन अर्धा तास खोकत बसले. काका म्हणाला, "आवशीक सांगू नको." मी सांगितलं नाही. केसांना शेवाळाचा वास आला, त्यावरून आईला कळलं. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी निघताना माझ्या पिशवीत सुका टॉवेल घातला.

आम्हाला मोबदला मिळे तो घरातल्या वस्तूंचा. तांदूळ, कुळीथ, कोकमाची सोलं, काजू, एकदा एक भांडखोर कोंबडा आणि भोपळे. त्या वर्षी आतल्या गावांत भोपळ्याचं पीक असं आलं होतं की लोक आम्ही नको म्हणायच्या आत डोक्यावर ठेवत. आमच्या पडवीत भोपळे, कोनाड्यात भोपळे, माझ्या अभ्यासाच्या जागेवर भोपळे. आईने भोपळ्याची भाजी केली, भोपळ्याचे घारगे केले, भोपळ्याचे घावणे केले, आणि शेवटी बाबांनी त्या आठवड्यातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं, "आज भोपळो नसलेला कायव वाढ."

या हसण्याखाली काय चाललं होतं ते मात्र आम्हाला दिसलं नाही, किंवा आम्ही बघितलं नाही. काका चांगल्या दिवशीही फक्त एका दिवसाचं जेवण आणत होता आणि त्यातच कसालच्या एका खोल विहिरीत त्याचा उजवा कान फुटला. वैद्याने बजावलं, पाण्यात शिरायचं नाही. त्या संध्याकाळी पेजेचा वाडगा खाली ठेवून बाबा म्हणाले, "मुंबयच्या गोदयेत काम गावता हा. होडी देवगडचो गिऱ्हाईक नेतलो. सोमवारी येता."

आईचा डाव हवेतच थांबला. "आणि चेडू?" तिने डाव माझ्याकडे वळवून विचारलं.

"थंय शाळा आसत."

"भावाच्या एका खोलयेत आठ जणां रवतत. त्यात आमी. ता लिवतला खंय बसान? नळावर?"

बाबांनी वाडगा परत उचलला. आम्हा चौघांनाही ठाऊक होतं की मुंबईला गेलं की माझी शाळा संपली. मॅट्रिकला चार महिने उरले होते. शुक्रवारी बाबा मला घेऊन हेडमास्तरांकडे गेले. सरांनी आपल्या सुंदर वळणदार अक्षरात निळ्या शाईने शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यापाशी त्यांचा टाक थांबला. मग त्यांनी लिहिलं, "होडी विकून कुटुंब मुंबईस जात आहे." कागद टिपताना म्हणाले, "सुमन, चार महिने थांबता आलं असतं तर." बाबा जमिनीकडे बघत होते. घरी येऊन त्यांनी तो दाखला पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पेटीवर एक भोपळा ठेवला. मी तो हलवू नये म्हणून असेल, किंवा त्यांना स्वतःला तो दिसू नये म्हणून.

जायचं तर भोपळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न आईने काढला. किल्ल्यात ओळखीची घरं होती, त्यांना देऊन टाकू, असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी होडी पाण्यात ढकलली, शेवटची म्हणूनच. बाबा वल्ह्यावर आणि काका डोलकाठीला टेकून. भोपळे फळ्यांवर ओळीने बसवले होते आणि उन्हाने तापू नयेत म्हणून काकाने प्रत्येकावर ओला पंचा गुंडाळला होता. संध्याकाळी कुठलं ऊन, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. पुढे मी विचारला. काकाने मरेपर्यंत कबुली दिली नाही.

टेकडीवर काय झालं ते साहेबांच्या बायकोने नंतर आईला हसत हसत सांगितलं, ते असं. साहेब विहिरीच्या कठड्याशी उभे राहून दुर्बिणीतून बघत होते, कारण तिथून किल्ल्याची सगळी वाट दिसे. एकदम ओरडले, "आठ. आठ माणसं. फेटे बांधून बसलीत. भर उजेडात." बाईसाहेब धावत आल्या. "बघू."

"अगं, थांब. माणसं अगदी स्वस्थ बसलीत, हलतसुद्धा नाहीत."

"द्या बघू इकडे. अहो, हे भोपळे आहेत."

"भोपळे कसे असतील? फेटे आहेत."

एकाने ओढली आणि दुसरीने धरली, आणि सरकारी दुर्बीण दोघांच्या हातांतून सुटून विहिरीत गेली. बाईसाहेब म्हणाल्या, आवाज इतका लहान आला की विश्वासच बसला नाही. आणि बुधवारी रत्नागिरीहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. यादीत दुर्बीण होती.

रविवारी सकाळी शिपाई आमच्या दारात. गळ टाकून झाला होता. सगळ्या पेठेने एकच नाव सांगितलं होतं. काकाने फुटलेल्या कानावर हात ठेवला, मग माझ्याकडे बघितलं. आई मध्ये आली. "माझा चेडू त्या सायबाच्या बावडेत जावचा नाय. जेणा आमका उपाशी मारल्यान तेची दुर्बीण मासे वापरूंदेत."

मी म्हणाले, "आये, शेवटची एकदा."

तिने माझ्याकडे बघितलं. मुंबईत कुठली विहीर आणि कुठला समुद्र, हे तिलाही माहीत होतं. तिने टॉवेल घेतला आणि ती आमच्या पुढे टेकडी चढू लागली.

विहिरीत तीन पुरुष पाणी होतं. आजूबाजूची वीस-पंचवीस माणसं जमली होती. साहेब मात्र विहिरीपासून चांगले आठ पावलं दूर, फणसाच्या खोडाला धरून उभे होते. मी काकाची चड्डी आवळत होते तेव्हा बाईसाहेब आईच्या कानाशी लागल्या. "ह्यांना पाण्याची फार भीती. काल जवळ गेले ते दुर्बिणीच्या नादात. आमच्याकडे नदी असते, पण तिच्यात पाणी कुठे असतं? इथे आल्यापासून होडीचं नाव काढलं की रात्रभर झोप नाही." आईने हे ऐकलं. काकाचा एक कान फुटला होता, पण दुसरा शाबूत होता, आणि तो नेमका त्या बाजूला होता. मी त्याच्या चेहऱ्यावर एक जुनं, धक्क्यावरचं हसू उगवताना पाहिलं. तीन महिने आम्ही ज्याला आकस समजत होतो ती बिचाऱ्याची भीती होती.

आमच्याकडे कुणी पाण्यात उतरायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मागणं घालायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. न दिला तर मागणं अर्धं राहतं, आणि होकार दिला की तो देवासमोर दिलेला शब्द. काकाने नारळ हातात घेतला. साहेबांना म्हणाला, "साहेब, आपणही म्हणायचं. ज्याची वस्तू त्याने म्हटलंच पाहिजे." साहेबांनी टोपी काढली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. साहेबांचा आवाज सर्वांच्या वर होता.

"बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या सायबाची दुर्बीण तुझ्या पाण्यात पडली हा, ती वर येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बावडेत उतारतल्या चेडवाच्या पाठीशी उबो रव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." इथे आईचा आवाज साहेबांच्याही वर गेला.

"आणि दुर्बीण गावली काय उद्या सकाळी सायब आपण स्वता होडयेत बसतलो, किल्ल्यार जातलो, मोडलेली पायरी आपल्या डोळ्यांनी बघतलो, तेका तशी बुद्धी आणि बळ दी रे म्हाराजा."

 पंचवीस माणसांनी श्वास रोखला. साहेबांचं मालवणीशी फारसं पटत नसे, पण दुर्बीण हा शब्द त्यांना कळला होता.

"होय महाराजा," साहेब खणखणीत म्हणाले.

"व्हय म्हाराजा," पंचवीस माणसं गरजली आणि मी हसू आवरत आत गेले.

पहिल्या बुडीत मला साबणाची डबी मिळाली. दुसऱ्या बुडीत तळाच्या गाळात हात फिरवताना थंडगार, जोड नळ्यांसारखं काहीतरी लागलं. छाती फुटायला आली होती, कानात घंटा वाजत होती, आणि मला आठवतं, मी त्या अंधारात विचार करत होते तो सोमवारचा. हे वर नेलं तर सोमवारी साहेब होडीत बसतील, आणि होडीत साहेब असतील तर देवगडचा गिऱ्हाईक होडी नेणार कशी? मी भिंतीला लाथ मारून वर आले.

दुर्बिणीतून पाणी आणि एक बारीक मासोळी बाहेर पडली. साहेबांनी पुसून डोळ्याला लावली, किल्ल्याकडे वळवली. "सगळं धुकं दिसतंय," ते म्हणाले.

"मग आता जवळ जाऊनच बघावं लागेल," बाईसाहेब म्हणाल्या. "देवाला शब्द दिलाय तुम्ही."

"मी? कधी?"

बाईसाहेबांनी त्यांना मागण्याचं शेवटचं वाक्य साध्या मराठीत करून सांगितलं. साहेबांनी पंचवीस चेहऱ्यांकडे बघितलं, मग फणसाच्या झाडाकडे, जणू तेही साक्षीला होतं. एक गोष्ट त्यांच्याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञतेने सांगत आले. ते म्हणू शकले असते, मला भाषा कळली नाही. ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "होडी कितपत हलते?"

"पाळण्याएवढी," काका म्हणाला.

सोमवारी सकाळी ते टोपी, बूट आणि कागदांची पिशवी घेऊन आले. बाबांनी त्यांना हात धरून बसवलं. त्यांनी डोळे मिटले. काका पुढे बसला आणि मी मागे, कारण आई म्हणाली होती, सायब पाण्यात पडलो तर काढूक कोणतरी व्हया. आम्ही किनाऱ्यापासून थोडं दूर गेलो आणि खडपावर आलो. साहेबांचे ओठ पांढरे झाले होते. काकाने त्यांच्या मांडीवर काचेचा डबा ठेवला.

"हे काय?"

"ह्यात डोळे घाला साहेब. बाहेरचं पाणी दिसणार नाही, आतलं दिसेल."

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. डबा पाण्यावर टेकवला आणि आत डोकं घातलं.  मग डब्यातून घुमत आवाज आला, "अरेच्चा." मग, "अहो, हा निळा कोण?" मग डोकं बाहेर न काढताच खिशात हात घालून चाचपडत त्यांनी एक नाणं पाण्यात सोडलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी कपड्यांनिशी उडी मारली. खाली नाणं डुलत येत होतं. मी ते ओठांत धरून वर बघितलं. डब्याच्या गोल काचेत साहेबांचा चेहरा होता, तोंड उघडं, भुवया टोपीला लागलेल्या. ते हंगामातले आमचे पहिले पाहुणे.

किल्ल्यावर त्यांनी पायरी बघितली, फीत लावून मापली, आणि बाबांनी बाजूच्या वाळूवर होडी कशी लागते ते दाखवलं. बाबा त्या दिवशी सलग पाच-सहा वाक्यं बोलले. साहेबांनी तिथेच दगडावर बसून लिहिलं. पायरी दुरुस्त होईपर्यंत पाहुण्यांना वाळूवर उतरवण्यास हरकत नाही. परतताना ते डब्यातच होते.

किनाऱ्यावर देवगडचा गिऱ्हाईक छत्री उघडून उभा होता, आणि त्याच्या शेजारी आई. "होडी खंय आसा?" त्याने लांबूनच विचारलं.

"पाण्यात," बाबा म्हणाले.

"ती दिसता. भायर कधी येतली?"

बाबांनी साहेबांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता मे म्हयन्यात," ते म्हणाले.

आई वाळूवरून धावत आली. तिने पत्र्याच्या पेटीतून दाखला आणला होता. म्हणजे भोपळा तिने आधीच हलवला होता. "जा, घंटा झाली. परत दी तो सरांका." मी ओल्या कपड्यांवर तिने आणलेली कोरडी साडी गुंडाळली, ओल्या हातात दाखला घेतला आणि पेठेतून धावले. वेणीतून पाणी गळत होतं. लोक वळून बघत होते. बघूंदेत.

हेडमास्तरांच्या टेबलावर मी तो कागद ठेवला तेव्हा त्याची घडी उलगडेना. त्यांनी दोन बोटांनी हलकेच सोडवली. निळी शाई सगळीकडे पसरली होती. माझं नाव गेलं होतं, तारीख गेली होती, आणि "शाळा सोडण्याचे कारण" यापुढे नुसता एक छोटा समुद्र उरला होता. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद खिडकीशी धरला.

"सुमन, ह्यात कारण वाचता येत नाही."

"नाही सर."

"कारणाशिवाय दाखला देता येत नाही, हे तुला माहीत आहे?"

"हो सर."

"म्हणजे मी दिलेलाच नाही," ते म्हणाले, आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "जा, वर्गात बस. शेवटच्या बाकावर बस, पुढच्या मुलींच्या वह्या भिजतील."

तो दाखला माझ्याकडे अजून आहे, पदवीच्या कागदाबरोबर एकाच घडीत. त्या दिवशी मी वर्गात बसले, वही उघडली आणि लिहायला लागले. केसांतून थेंब पानावर पडत होते, म्हणून मी टाक जरा जास्तच दाबून धरला. रात्री आईच्या बोटाला काहीतरी लागायला हवं होतं.